लाल चौकोनातली चप्पल

आमच्या रेडिओ केंद्रावर मी रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "बांगड्या काढून या."

ना नमस्कार, ना या-बसा. मी नवी साडी नेसून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभी, आणि हा माणूस माझ्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघून म्हणतो की बांगड्या काढून या. मी काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. मी म्हटलं, "आमचे हे घरी धडधाकट आहेत. मी बांगड्या काढायची नाही." त्यांनी जरा विचार केला, आणि म्हणाले, "काचेच्या राहू द्या की. सोन्याच्या तेवढ्या काढा. आणि गळ्यातलं लोंबतं ठेवू नका." मी पेढे उंबऱ्यावर ठेवले आणि आल्या पावली जिना उतरले. त्यानंतर कितीतरी दिवस त्या खोलीत मी पाऊल टाकलं नाही. पेढे मात्र त्यांनी खाल्ले होते, रिकामा पुडा माझ्या टेबलावर नीट घडी करून ठेवलेला सापडला.

साहेब म्हणजे केंद्राचे इंजिनिअर. सोलापुरातून कुंभारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शिक्षणसंस्थेची इमारत आहे, तिच्या पहिल्या मजल्यावर आमचा स्टुडिओ, सगळ्यात वरच्या मजल्यावर ट्रान्समीटरची खोली, आणि गच्चीवर टॉवर. आम्ही खाली बोलायचो, तो आवाज वरच्या कपाटाएवढ्या मशिनात जायचा आणि टॉवरवरून शहरात आणि आसपासच्या गावांत पसरायचा. शेतीचा सल्ला, बायकांचे कार्यक्रम, पोरांच्या परीक्षा, असलं सगळं. मी कार्यक्रम बघायची. साहेब मशीन बघायचे. खरं सांगायचं तर मशीन कमी आणि मशिनाजवळ येणारी माणसं जास्त बघायचे.

उंच, किडकिडीत, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही. आणि डावा हात पँटच्या खिशात. मशीन उघडलं की डावा हात खिशात गेलाच म्हणून समजा. त्याचं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडायला बघते, आणि वाटेत छाती लागते. एक हात खिशात असला की ती वाटच बंद. कारण पटण्यासारखं होतं, पण साहेबांचा हात पुढं खिशातून निघेचना. लग्नात ते एका हातानं अक्षता टाकायचे. संस्थेच्या अध्यक्षांनाही एकाच हातानं नमस्कार. संस्थेतल्या लोकांना वाटायचं, काय मिजास आहे बघा. मिजास कसली, सवय होती.

दुसरी त्यांची काठी. लाकडी दांडा, टोकाला तांब्याचा आकडा, आणि आकड्याला बांधलेली जाड तार थेट जमिनीत पुरलेली. मशीन बंद केल्यावरही ते लगेच आत हात घालायचे नाहीत. बाकावर बसून राहायचे. मग उठून त्या काठीनं आतल्या एकेका भागाला हळूच शिवायचे, आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तसं. मी विचारलं, बंद केलंय ना? तर म्हणाले, "बंद केल्या केल्या बंद होत नाही ते. पोटात राहतं त्याच्या." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पुढं ते माणसांनाही लावायचे. अध्यक्ष कुणावर तरी ओरडून शांत झाले आणि मी रजेचा अर्ज घेऊन त्यांच्याकडे निघाले, की साहेब जिन्यात अडवायचे. "थांबा मॅडम. अजून पोटात असेल." आणि बरोबर असायचं ते बहुतेक वेळा.

एवढी भीती कुणाला असली की लोक कारण शोधतात. आमच्याकडेही शोधलं. कुणी म्हणे, आधीच्या नोकरीत ह्यांच्या डोळ्यांदेखत एकजण टॉवरवरून पडला. कुणी म्हणे, ह्यांचा भाऊ यंत्रमागाच्या कारखान्यात शॉक लागून गेला. मी सरळ तोंडावर विचारलं एकदा, काय घडलं होतं तुमच्या बाबतीत? ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "काही नाही घडलं. घडायलाच पाहिजे का मॅडम? त्याच्या आधी शहाणं होता येत नाही?"

मला ते उत्तर अपुरं वाटलं. माणूस काहीतरी लपवतोय असंच मी धरून चालले.

आता चप्पलेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

आमचा ट्रान्समीटर काही फार मोठा नव्हता. साहेब म्हणायचे, टॉवरवर पोचते तेवढ्या ताकदीनं माणूस मरत नाही, चटका बसून दचकतो. पण टॉवरच्या टोकाला दचकलेला माणूस मरतो. म्हणून कुणी टॉवरवर किंवा गच्चीवर कामाला गेलं की खालचं मेन स्विच बंद पाहिजे, आणि कामाला गेलेला माणूस उतरून येईपर्यंत ते कुणी चालू करता कामा नये. त्यासाठी त्यांनी आधी कुलपं आणली होती, लाल पाट्या आणल्या होत्या. किल्ल्या हरवल्या, पाट्या कुणीतरी रद्दीत टाकल्या, एकदा तर कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून कुलूप हातोड्यानं फोडलं. तेव्हा साहेबांनी मेन स्विचच्या खाली फरशीवर लाल रंगानं एक चौकोन काढला. टॉवरवर जायचं ते त्यांनी दिलेले रबरी बूट घालून. आणि स्वतःच्या चपला ठेवायच्या त्या ह्या चौकोनात. चौकोनात चप्पल दिसते तोवर स्विचला हात लावायचा नाही, आणि चप्पल ज्याची त्यानंच येऊन पायात घालायची, दुसऱ्यानं उचलायची नाही. एवढाच नियम. "कुलूप माणूस विसरतो," ते म्हणायचे. "चप्पल विसरून सोलापुरात जाणार कुठं? दहा पावलांत पाय भाजतात."

हसलो आम्ही. पण नियम चालला की. टॉवरवर चढणारे आमचे चाचा, केंद्र सुरू झाल्यापासूनचे, आधी कुणाचं काही ऐकायचे नाहीत, तेसुद्धा चौकोनात चपला काढल्याशिवाय गच्चीचं दार उघडेनात. साहेबांचे पाय जमिनीवर आहेत असं आम्हाला वाटलं ते तेवढ्याच एका गोष्टीत.

आणि मग त्यांनी दुसऱ्या आवाजाचं काढलं.

एके दिवशी ते खाली स्टुडिओत आले, क्वचितच यायचे, आणि म्हणाले, आपल्या आवाजाच्या पाठीवर आणखी एक आवाज जातो, माहीत आहे का? मला काय माहीत. मग त्यांनी समजावलं. एकाच लहरीवर, मुख्य कार्यक्रमाच्या वरच्या अंगाला, आणखी एक आवाज बसवता येतो. साध्या रेडिओवर तो ऐकूच येत नाही. त्यासाठी वेगळा रेडिओ लागतो. मी म्हटलं, मग जो कुणाला ऐकूच येणार नाही तो आवाज पाठवून करायचं काय? तर म्हणाले, "ज्यांना दिसत नाही त्यांना पेपर वाचून दाखवायचा. पूर्ण. बातम्या, अग्रलेख, बाजारभाव, निधनवार्ता सगळं. तुमचा शेतीचा कार्यक्रम चालू असतानाच, त्याला धक्का न लावता."

तेव्हा मला अक्काचं कळलं. साहेब शहराच्या पूर्व भागातले, तेलुगू विणकरांच्या घरातले. लग्न केलेलं नव्हतं. घरी ते आणि थोरली बहीण, अक्का; ती ह्यांना तम्मुडू म्हणे, तेलुगूत धाकटा भाऊ. अक्कानं विड्या वळून ह्यांना शिकवलं, आणि हे नोकरीला लागेपर्यंत तिची दृष्टी हळूहळू गेली. तेव्हापासून रोज सकाळी साहेब तिला पेपर वाचून दाखवत आणि मग ड्युटीवर येत. घाईनं, मोठ्या बातम्या तेवढ्या. त्यांना वयाची जाणीव झाली होती, छातीचं दुखणं सुरू झालं होतं. मला म्हणाले, "माझ्यामागं तिला कोण वाचून दाखवणार? आणि तिच्यासारखे किती असतील गावात." एवढंच बोलले आणि वर निघून गेले.

त्या दिवसापासून मी सोन्याच्या बांगड्या घरी ठेवून यायला लागले.

परवानगीला वेळ गेला. दुसरा आवाज बसवणारी पेटी कुठून आणायची हा प्रश्न होता, तोही सुटला. शहरातले एक मोठे शेठ तयार झाले. त्यांनी ती पेटी चाचणीसाठी आणून दिली आणि सांगितलं, उद्घाटनाला मी स्वतः कानानं ऐकतो, बरं वाटलं तर पेटी तुमची, आणि अंध माणसांच्या घरोघरी वेगळे रेडिओही मी देतो. अध्यक्षांना आभाळ ठेंगणं झालं.

साहेबांनी पेटी लगेच टॉवरला जोडली नाही. आधी डमी लोड. म्हणजे एक जाड लोखंडी डबा, ज्यात मशिनाची सगळी ताकद जाऊन उष्णता होऊन संपते, बाहेर काही पसरत नाही. बरेच दिवस मी खाली बसून अख्खा पेपर वाचायची आणि तो आवाज त्या डब्यात जाऊन गरम व्हायचा. मी वैतागून म्हटलं, माझ्या वाचनावर आंघोळीचं पाणी तरी तापवा. साहेब गंभीरपणे म्हणाले की तेवढं तापणार नाही. ते बारीक स्क्रू ड्रायव्हरनं पेटीचा एक स्क्रू इकडे-तिकडे फिरवत राहायचे. दुसरा आवाज थोडा जास्त झाला की पहिल्यात मिसळतो आणि भेंडीच्या भाजीच्या कृतीत निधनवार्ता ऐकू येतात, थोडा कमी झाला की नुसती खरखर. शेवटी टॉवरवरून चाचणी झाली तेव्हा वेगळा रेडिओ एकच होता, तो त्यांनी अक्काजवळ ठेवला. तिथून शेजारची बाई मोबाइलवरून सांगायची, आता स्वच्छ, आता खर्र. असं करत करत आवाज बसला. अक्काशी माझं बोलणं त्या मोबाइलवरच, तेही दोन शब्दांचं. टॉवरवरच्या चाचणीत मी फक्त आकडे म्हणायची. पेपर उद्घाटनालाच वाचायचा असं ठरलं होतं, आणि अक्का त्याची वाट बघत होती.

उद्घाटनाचा दिवस. खाली पटांगणात मांडव, खुर्च्या, शहरातली बरीचशी अंध मंडळी घरच्यांचा हात धरून आलेली. उन्हाळा नुकता लागलेला. आदल्या दिवशी वाऱ्यानं वरची एक केबल सैल झाली होती, म्हणून सकाळी केंद्र बंद ठेवून चाचा टॉवरवर गेलेले. त्यांच्या चपला लाल चौकोनात. तेवढ्यात शेठ आले, आणि त्यांच्या घरच्या लोकांनी हट्ट धरला की आधी मशिनाची पूजा. नारळ, हार, फळांची करंडी. पंधरा-वीस माणसं त्या खोलीत. साहेबांनी उदबत्ती मात्र लावू दिली नाही, आणि एका हातानं नमस्कार केला. शेठांनी ते बघितलं.

पूजा उरकून सगळे खाली गेले. चाचा टॉवरवरून उतरले, स्वतःच्या चपला घातल्या आणि गेले जेवायला. साहेब स्विच चालू करायला पुढं झाले, आणि थांबले.

चौकोनात आणखी एक जोड होता. जुनाट, कातडी, पुरुषी.

मी स्टुडिओत पेपर पुढ्यात घेऊन लाल दिवा लागायची वाट बघत बसलेले. दिवा लागेना. वर गेले तर साहेब त्या चपलांसमोर उभे. चाचांना बोलावलं. चाचा म्हणाले, "मेरे तो पैर में हैं साब. ऊपर कोई नई, मैंच तो अकेला गया था." तरी साहेबांनी त्यांना परत गच्चीवर पाठवलं, टाकीच्या मागंसुद्धा बघून यायला सांगितलं. कुणी नव्हतं. मांडवात माईकवरून विचारलं, वर कुणाच्या चपला राहिल्यात का. लोक आपापल्या पायांकडे बघून हसले. कुणीच पुढं आलं नाही. शेठ घड्याळ बघायला लागले.

अध्यक्ष धापा टाकत वर आले. अजिजी केली, मग आवाज चढवला. अहो, वर कुणी नाही, स्वतः चाचांनी बघितलंय. शेवटी चप्पल पायानं बाजूला सारायला पुढं झाले, तर साहेब चक्क खाली बसले, चौकोनाच्या कडेला, फरशीवर मांडी घालून. आणि शांतपणे म्हणाले,

"वर कुणी दिसत नसेल तर चालू करायचं, असा नियम मी केला नव्हता. ज्याची त्यानं येऊन घालायची, असा केलाय. आज ही मी उचलली, की उद्यापासून ती नुसती चप्पल. मग चाचा वर कशाच्या भरवशावर जाणार?"

अध्यक्ष म्हणाले, शेठ उठले तर सगळं गेलं, कळतंय का तुम्हाला? साहेब म्हणाले, कळतंय.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारची बाई. अक्का विचारतेय, आवाज कधी येणार. मला रडू यायच्या बेतात होतं आणि राग त्याहून जास्त. मी साहेबांना म्हटलं, "तुमची अक्का रेडिओला कान लावून बसलीय. कुणासाठी केलं हे सगळं? तिच्यासाठी ना? आणि एका चपलेपायी..." त्यांनी मान खाली घातली होती. ती वर न करताच म्हणाले, "सांगा तिला, बस म्हणावं अजून जरा."

शेठ उठलेच. रागावून नव्हे, थंडपणे. गाडी मागवा म्हणाले. गाडी दाराशी येऊन लागली आणि तिच्यातून ड्रायव्हर उतरून अनवाणी, तळपायाला चटके बसतायत म्हणून उड्या मारत, जिना चढून थेट वर आला. टेंभुर्णीकडचा साधा माणूस. "माज्या हायत की त्या," म्हणाला. "फळांची करंडी घिऊन आल्तो. हितं एक जोड काडल्याला दिसला, वाटलं हितंच काडायच्या असत्यात." करंडी ठेवून तो घाईत तसाच अनवाणी पुढच्या कामाला पळाला होता, आणि मग काचा बंद करून गाडीत झोपला होता. माईकवरचं त्याला कुठून ऐकू येणार? आणि ड्रायव्हरला विचारायचं आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्यानं चपला घातल्या. साहेब उठले, कपडे झटकले आणि स्विच चालू केला. खाली शेठांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

मी धावत स्टुडिओकडे निघाले, तर जिन्यातच अध्यक्षांनी सांगितलं, दुसरा आवाज सोडायचा नाही, पेटी परत जातेय. संध्याकाळी शेठांची माणसं येऊन ती खरोखरच घेऊन गेली. मांडवातल्या अंध लोकांना त्यांच्या घरच्यांनी उठवलं. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, झाला का कार्यक्रम?

साहेबांची नोकरी गेली नाही, कारण त्या पगारात दुसरा इंजिनिअर मिळेना. पण संस्थेत त्यांचं हसं झालं ते झालंच. "वर कुणी नव्हतं!" हे वाक्यच होऊन बसलं. कुणी काही जास्त काळजी घेतली की लोक म्हणायचे, अहो, वर कुणी नव्हतं. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे. साहेबांच्या समोर म्हणायचे. ते मान हलवायचे, बरोबर आहे, कुणी नव्हतं, आणि कामाला लागायचे. मला त्या मान हलवण्याचाच संताप यायचा. निदान एकदा तरी म्हणा की चुकलं, किंवा एकदा तरी भांडा. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. एखाद्यानं आयुष्यातली एकच गोष्ट मागावी आणि ती हातात आल्यावर स्वतःच सोडून द्यावी, हे मला समजतच नव्हतं.

पण त्यांनी सोडली नव्हती. काही वर्षांनी कुठल्यातरी बंद पडलेल्या केंद्राची जुनी, मोडकी पेटी त्यांनी मिळवली. पुन्हा डमी लोड, पुन्हा मी आणि माझा गरम होणारा पेपर. जुन्या बाजारातून जुने रेडिओ आणून ते स्वतः आतली जोडणी बदलायचे, एकेक. ज्यांनी आधी नावं दिली होती त्यांना आधी. अक्काचा पहिला रेडिओ शेठांच्या पेटीबरोबरच परत गेला होता, आणि तिचा नवा रेडिओ तिच्या नंबरानंच आला, बऱ्याच उशिरा. एके दिवशी सकाळी, नारळ नाही, हार नाही, साहेब वरून फोन करून म्हणाले, "वाचा मॅडम. ह्या वेळी बाहेर जातंय." आणि मी वाचलं. तेव्हापासून रोज वाचते. निधनवार्तासुद्धा.

गेल्या वर्षी साहेब गेले. छातीच्याच दुखण्यानं, दवाखान्यात, फार त्रास न होता. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी आली आणि ती मीच वाचली. आवाज नीट राहिला. कसा राहिला मला माहीत नाही.

महिन्याभरानं मी अक्काला भेटायला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पूर्व भागात चाळीसारखी ओळीनं घरं, कुठून तरी मागाचा खटखट आवाज. दारात पुरुषी चपलांचा जोड होता, टोकं बाहेरच्या बाजूला. आत पाहुणे असतील म्हणून मी जरा थबकले. पण आत अक्का एकटीच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, आणि न बघता बोटं विड्या वळतायत. फळीवर रेडिओ. मी नुसतं "अक्का" म्हटलं, तर तिची बोटं थांबली. "पेपरवाल्या बाई," म्हणाली.

चहा झाला. ती माझ्या वाचनातल्या चुका सांगत होती. नावं भराभर वाचता, म्हणाली, माणसाचं नाव हळू वाचायचं. मग मलाच राहवेना. इतकी वर्षं मनात धरलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, अक्का, त्या उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही रेडिओला कान लावून बसला होता. राग नाही आला तुम्हाला त्यांचा?

"खरखर ऐकत बसले की दुपारपर्यंत," ती म्हणाली. "मग हा घरी आला. दारातनंच हाक मारली, अक्का! असला खूश. मला वाटलं, झाला कार्यक्रम, माझाच रेडिओ बिघडला आसंल. मी म्हटलं, काय झालं रे तम्मुडू, एवढा हसतोस? तर माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, अक्का, वर कुणीच नव्हतं."

"दोन्ही हात?" मी विचारलं.

"व्हय की. दोन्ही." तिनं सूप खाली ठेवलं. "मला काय कळंना. म्हटलं, कुणी नव्हतं म्हणजे काय? तर म्हणाला, चप्पल होती अक्का, आणि वर कुणी नव्हतं. सगळे खाली होते. जेवतानाही तेच. भाकरी मोडायचा आणि म्हणायचा, कुणी नव्हतं गं वर. लई जेवला त्या दिवशी."

संस्थेत हजार वेळा ऐकलेलं वाक्य, सगळ्यांनी टोमणा म्हणून मारलेलं, आणि ते मान हलवून म्हणायचे, बरोबर आहे, कुणी नव्हतं. मला वाटायचं, अपमान गिळतायत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अक्काला ते दिसलं नाही, पण कळलं. तिनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं आणि विडी वळायला लागली.

निघताना ती दारापर्यंत सोडायला आली. माझा पाय त्या पुरुषी चपलांना लागणार तेवढ्यात तिनं माझा दंड धरला. कुठं काय ठेवलंय ते तिला डोळ्यांशिवाय माहीत होतं.

"शेजारचे रोज म्हणतात, टाकून द्या आता," ती म्हणाली. "मी न्हाय म्हणते. त्याचाच नियम हाय की. ज्याची त्यानंच येऊन घालायची."

मी त्या चपलांना वळसा घालून माझ्या घातल्या आणि रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचताना नावं हळू वाचली.